अपग्रेड आधी कोणाचं?

२०२१ च्या डिसेंबरात जगभरातले आयटी विभाग एकाच प्रश्नाने हैराण झाले होते. लॉग-फोर-जे आपल्याकडे नेमकं कुठे कुठे आहे? जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमने आपल्या कामाची नोंद, म्हणजे लॉग, ठेवावा यासाठीची ही साधी, फुकट मिळणारी लायब्ररी. अलिबाबाच्या क्लाउड सुरक्षा पथकाने तिच्यातला दोष नोव्हेंबरअखेर अपाची फाउंडेशनला कळवला आणि ९ डिसेंबरच्या सुमारास तो जगजाहीर झाला. लॉगमध्ये विशिष्ट धाटणीची एक ओळ पोहोचवली की दूर बसलेल्या माणसाला त्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता. दोषाची तीव्रता मोजणाऱ्या पट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. जुनी आवृत्ती काढायची, नवी बसवायची. आधी २.१५ आली, ती अपुरी ठरली म्हणून २.१६, मग २.१७ आणि महिना संपता संपता २.१७.१. काम अडलं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. ‘आम्ही लॉग-फोर-जे वापरतच नाही’ असं अनेक टीम सांगत होत्या आणि मनापासून सांगत होत्या, कारण त्यांनी ती स्वतः कधी घेतलीच नव्हती. त्यांनी घेतलेल्या लायब्ररीने दुसरी घेतली होती, दुसरीने तिसरी, आणि तिसरीच्या पोटात लॉग-फोर-जे बसलेली होती. जावाच्या लायब्ररींचं मोठं कोठार असलेल्या मेव्हन सेंट्रलची पाहणी गूगलच्या अभियंत्यांनी तेव्हा केली. बाधित पॅकेजांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पॅकेजांत हा दोष एकापेक्षा जास्त पायऱ्या खाली होता, काहींत तर नऊ पायऱ्या खाली.

या नऊ पायऱ्यांच्या वाटेला डिपेन्डन्सी पाथ म्हणतात. कोणती गोष्ट कशावर उभी आहे आणि मध्ये कोण कोण आहे, याची ती साखळी. सॉफ्टवेअरच्या अपग्रेडविषयी बोलताना सगळं लक्ष नव्या आवृत्तीवर असतं. तिच्यात काय सुधारलं, काय बिघडलं, लायसन्सचा खर्च किती. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत गाजलेली अपग्रेडची प्रकरणं तपासली, तर नवी आवृत्ती वाईट निघाली म्हणून हाहाकार झाला असं क्वचितच दिसतं. वाट माहीत नव्हती, वाटेवर कोणाची मालकी नव्हती किंवा वाटेवरच्या दोघांनी चुकीच्या क्रमाने पाऊल उचललं, अशीच कारणं पुन्हापुन्हा सापडतात. एका संस्थेत दहा-वीस ॲप्लिकेशन्स असतील, तर ‘प्रत्येकाने आपापलं अपग्रेड करावं’ हे धोरण म्हणूनच मुळात चुकीचं आहे. अपग्रेडचा निर्णय एका ॲप्लिकेशनचा नसतो, तो त्या सगळ्या जाळ्याचा असतो आणि संस्थेने तो त्याच पातळीवर घ्यायला हवा.

इक्विफॅक्सचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. लोकांच्या कर्जफेडीचा इतिहास सांभाळणारी ही अमेरिकी कंपनी. अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधला गंभीर दोष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला, दुरुस्तीही लगेच उपलब्ध झाली. ४८ तासांत पॅच बसवा, असा ईमेल कंपनीत फिरला. पण ज्या यादीवर तो गेला ती यादीच जुनी होती आणि ज्यांनी पॅच बसवायचा त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. नंतर केलेल्या स्कॅनमध्येही स्ट्रट्स वापरणारं ते पोर्टल सापडलं नाही. हल्लेखोरांना ते सापडलं. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. आदेश होता, मुदत होती, पॅचही हाताशी होता. कोणत्या ॲप्लिकेशनच्या आत स्ट्रट्स आहे आणि त्याला जबाबदार माणूस कोण, एवढंच ठाऊक नव्हतं.

वाट समजून घेणं किती किचकट असतं, हे जरा जवळून पाहू. जावाच्या प्रकल्पात मेव्हन हे साधन वापरणाऱ्याने ‘डिपेन्डन्सी ट्री’ची आज्ञा दिली की पडद्यावर एक झाड उलगडतं. स्वतः मागवलेल्या लायब्ररी असतात वीस-पंचवीस आणि झाडावर दिसतात दोन-तीनशे. त्यात एकच लायब्ररी दोन वाटांनी आलेली असते. एका वाटेने ती दुसऱ्या पायरीवर येते, आवृत्ती जुनी. दुसऱ्या वाटेने चौथ्या पायरीवर, आवृत्ती नवी. मेव्हनचा नियम असा, की मुळापासून जी जवळ ती जिंकते. म्हणजे जुनी. तिसऱ्या पायरीवरच्या ज्या लायब्ररीने नवी मागवली होती, तिला नव्या आवृत्तीतलं एखादं फंक्शन हवं असतं, पण बिल्ड बिनतक्रार होतो, कारण तिचं कंपायलेशन तिच्या कर्त्याने आपल्या घरी कधीच उरकलेलं असतं. टेस्टिंगमध्ये तो रस्ता चालला गेला नाही तर तिथेही कळत नाही. मग एका रात्री प्रॉडक्शनवर ‘नो सच मेथड एरर’ येतो आणि ज्या टीमने ती लायब्ररी कधी मागवलीच नव्हती, ती टीम जागी होते.

हाच तिढा जावाचंच ग्रेडल हे साधन वेगळ्या रीतीने सोडवतं. दोन्हींतली वरची आवृत्ती उचलतं. नोडचं एनपीएम गरज पडली तर दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवून देतं. गो भाषेत २०१८ पासून तिसरीच रीत आहे. सगळ्यांच्या किमान अटी पूर्ण करणारी सर्वांत जुनी आवृत्ती ती निवडते, शिवाय मोठा बदल झालेल्या आवृत्तीचं नावच बदलायला लावते, म्हणजे जुनी नि नवी एकाच प्रोग्रॅममध्ये नांदू शकतात. चार साधनं, चार मतं. ज्या संस्थेत जावा, नोड आणि गो तिन्ही चालतात, तिथे एकाच प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं रोज आपोआप दिली जात असतात. ती कोणी विचारपूर्वक निवडलेली नसतात.

यात कोणा एका साधनाचा दोष काढता येत नाही. सगळ्यांच्या अटी पाळणारा आवृत्त्यांचा संच शोधणं हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनेच अवघड आहे. संगणकशास्त्रात ज्यांना एनपी-कम्प्लीट म्हणतात, त्या वर्गात तो मोडतो. आवृत्तीच्या तीन आकड्यांचा संकेतही, म्हणजे पहिला बदलला तर जुनं मोडेल, दुसरा बदलला तर नवं मिळेल, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती, हा शेवटी लायब्ररी लिहिणाऱ्या माणसाने दिलेला शब्द आहे. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तो नीट लिहून काढला आणि त्याचा फार उपयोग झाला, यात शंका नाही. पण आपण केलेली ‘फक्त दुरुस्ती’ कोणाचं काय मोडणार आहे, हे लिहिणाऱ्याला कळणार कसं? त्याला खालची वाट दिसते. वर कोण कोण उभं आहे ते दिसत नाही.

एका ॲप्लिकेशनची ही गत. अनेक ॲप्लिकेशन्स आली की प्रश्न नुसता मोठा होत नाही, वेगळा होतो. पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत जावावर काम केलं आहे, त्यांना ‘जावाएक्स ते जकार्ता’ हे शब्द ऐकताच आठवणारे महिने असतील. गोष्ट अशी. ओरॅकलने जावा ईई हा मोठ्या उद्योगांसाठीचा जावाचा भाग २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. पण ‘जावाएक्स’ या नावाखालच्या पॅकेजांत पुढे बदल करण्याची मुभा मिळाली नाही, वाटाघाटी फिसकटल्या. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ ने त्या सगळ्या पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ केली. काम तेच, नाव वेगळं. जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कची ३ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली ती जकार्ता आणि किमान जावा १७ घेऊनच. स्प्रिंग बूट २.७ ची फुकट देखभाल नोव्हेंबर २०२३ मध्ये थांबली.

कागदावर हे नुसतं ‘शोधा आणि बदला’ वाटतं. तसं आंधळेपणाने करणाऱ्याला पहिला ठोसा लगेच बसतो, कारण सगळंच जावाएक्स बदललेलं नाही. डेटाबेसशी बोलणारं ‘जावाएक्स एसक्यूएल’ आणि कूटलेखनाचं ‘जावाएक्स क्रिप्टो’ हे मूळ जावाचेच भाग आहेत, त्यांची नावं तशीच आहेत. पण ही अडचण अर्ध्या दिवसात सुटते. खरी अडचण असते ती ‘कॉमन’ची.

बहुतेक संस्थांत ‘कॉमन’, ‘युटिल्स’ किंवा ‘कोअर’ अशा नावाची एक घरगुती लायब्ररी असते. लॉगिन तपासणं, लॉग लिहिणं, तारखा जुळवणं असं सगळ्यांना लागणारं तिच्यात ठेवलेलं असतं. समजा, एका विमा कंपनीची चाळीस ॲप्लिकेशन्स या एका लायब्ररीवर उभी आहेत. लॉगिन तपासणारा तिच्यातला फिल्टर ‘जावाएक्स सर्व्हलेट’वर बेतलेला आहे. पॉलिसी विकणाऱ्या टीमला स्प्रिंग बूट ३ हवं, म्हणून कॉमन जकार्तावर नेली, की उरलेली एकोणचाळीस ॲप्लिकेशन्स पुढच्या बिल्डला मोडतात. नेली नाही, तर पॉलिसीवाल्यांचं अपग्रेड अडतं. दाव्यांच्या टीमकडे या तिमाहीत माणसं नाहीत, हिशेबाचं ॲप्लिकेशन बाहेरच्या कंपनीने लिहिलेलं, आणि एक जुनं पोर्टल असं की त्याचा सोर्स कोड कुठे आहे यावरच वाद. चाळीसही टीम आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी कोणीच हलू शकत नाही.

इथे टीमच्या पातळीवर उत्तर नाही. कोणीतरी वरून ठरवावं लागतं, की कॉमनच्या दोन शाखा काढायच्या. एक जावाएक्सची, एक जकार्ताची. सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन्हींत करायच्या आणि जुनी शाखा अमुक तारखेला बंद करायची. त्या तारखेपर्यंत दुप्पट देखभालीचा खर्च कोणाच्या बजेटमधून जाणार, तेही तेव्हाच सांगायचं. जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरच्या कर्त्यांनी या वाटेचा चांगला विचार केला होता. टॉमकॅट १० मध्ये त्यांनी एक वेगळा फोल्डर ठेवला, त्यात जुनं ॲप्लिकेशन टाकलं की ते आपोआप जकार्ताच्या नावांवर आणलं जातं. जुन्या नि नव्याला काही काळ शेजारी राहू देणारी अशी सोय ही चैन नव्हे. अनेक ॲप्लिकेशन्सचं अपग्रेड तिच्याशिवाय होतच नाही, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा पायथन भाषेने दिला आहे.

पायथन ३ ची पहिली आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. जुन्याशी फारकत घ्यायची, हा निर्णय जाणीवपूर्वक घेतलेला होता आणि त्याला सबळ कारण होतं. पायथन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे बाइट्सची रांग. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहून लांबी विचारली, तर यूटीएफ-८ मध्ये पंधरा असं उत्तर येई, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पायथन ३ पाच म्हणतं, काना आणि वेलांटी स्वतंत्र धरून. इंग्रजीपलीकडच्या भाषांत काम करणाऱ्यांना पायथन २ ने किती छळलं, हे मराठी मजकुरावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोणालाही विचारावं. म्हणजे नवी आवृत्ती चांगली होती, गरजेची होती. तरीही जग तिच्यावर यायला दशक लागलं.

कारण वाटेत होतं. ॲप्लिकेशन पायथन ३ वर तेव्हाच येऊ शकतं, जेव्हा त्याच्या खालच्या सगळ्या लायब्ररी आलेल्या असतात. लायब्ररीचे कर्ते म्हणत, आमचे सगळे वापरकर्ते पायथन २ वर आहेत, आम्ही कोणासाठी बदलायचं? सुरुवातीची कल्पना अशी होती, की एक रूपांतर करणारा प्रोग्रॅम चालवायचा आणि जुन्या कोडमधून नवा कोड काढायचा. ती फसली. लायब्ररी लिहिणाऱ्याला दोन्ही प्रकारचे ग्राहक एकाच वेळी सांभाळायचे होते आणि रूपांतर एकाच दिशेने जात होतं. गाडी पुढे सरकली ती एकच फाइल दोन्ही आवृत्त्यांवर चालेल अशी सोय होऊ लागली तेव्हा. ‘सिक्स’ नावाची छोटी मदतनीस लायब्ररी त्यासाठीच लिहिली गेली. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने तर माघार घेतली. युनिकोड मजकुरासमोर ‘यू’ लावण्याची जुनी पद्धत नव्या भाषेत निरर्थक म्हणून काढून टाकली होती, ती परत आणली. भाषेला तिची काही गरज नव्हती, गरज होती स्थलांतर करणाऱ्यांना. पुढे जँगोसारखी मोठी फ्रेमवर्क्स २०१३ पासून दोन्हींवर चालू लागली आणि २०१७ च्या अखेरीस जँगो २.० ने पायथन २ सोडलं. पायथन २ ची शेवटची मुदत आधी २०१५ ची होती, ती १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवावी लागली.

पायथनच्या कर्त्यांवर याबद्दल बरीच टीका झाली, त्यातली थोडी योग्यही आहे. पण त्यांचं मोठेपण असं, की स्वतःची सुबक रचना थोडी विटाळून त्यांनी लोकांसाठी वाट मोकळी केली आणि मग तारीख ठरवून ती पाळली. कंपन्यांमधले आर्किटेक्ट यातला पहिला भाग सहज करतात. जुनं-नवं शेजारी चालू देतात. दुसरा भाग राहून जातो.

आतापर्यंतच्या वाटा कोडमधल्या होत्या, निदान साधनांना दिसणाऱ्या. जास्त घातक असतात त्या कोणत्याच यादीत नसलेल्या वाटा. एक ॲप्लिकेशन दुसऱ्याच्या डेटाबेसमधलं टेबल परस्पर वाचतं. रात्री दोनला चालणारा जॉब एका फाइलच्या चौथ्या रकान्यावर भरवसा ठेवतो. एका सर्व्हरने पाठवलेल्या संदेशातली एक खूण दुसरा सर्व्हर स्वतःच्या समजुतीने वाचतो. अशा खुणेने १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली नाइट कॅपिटल ही कंपनी पाऊण तासात लोळवली.

अमेरिकेच्या एसईसी या नियामकाच्या आदेशात त्या दिवसाची हकिकत तपशीलवार आहे. बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी नाइटने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड घातला. त्यासाठी लागणारी खूण नवी न घेता जुनीच वापरली. ती खूण ‘पॉवर पेग’ नावाच्या, २००३ पासून बंद असलेल्या सोयीची होती, आणि त्या सोयीचा कोड सर्व्हरवर तसाच पडून होता. प्रणालीचे सर्व्हर आठ. सात सर्व्हरवर नवा कोड पोहोचला, आठव्यावर टाकायचा राहिला. दुसऱ्या कोणी तपासून पाहावं, असा नियमच नव्हता. बाजार उघडला, खूण लावलेल्या ऑर्डरी आल्या. सात सर्व्हरांनी नवा अर्थ लावला, आठव्याने जुना, आणि पॉवर पेग जागं झालं. त्यातही एक वाट आधीच तुटलेली होती. ऑर्डर पुरी झाली की थांबा, हे सांगणारा मोजणीचा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला होता आणि त्यानंतर पॉवर पेगची चाचणी कोणी घेतली नव्हती. त्यामुळे ते थांबेना. २१२ ऑर्डरींपोटी ४० लाखांवर व्यवहार झाले, सुमारे ३९ कोटी ७० लाख शेअर्सचे. नुकसान ४६ कोटी डॉलरहून अधिक.

त्यातला सर्वांत क्लेशदायक तपशील पुढे आहे. गडबड लक्षात आल्यावर अभियंत्यांनी नव्या कोडवर संशय घेतला आणि तो सातही सर्व्हरवरून काढला. म्हणजे सातांनाही आठव्यासारखं करून ठेवलं. बाजार उघडण्यापूर्वी पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल प्रणालीने आपणहून पाठवले होते, पण ते धोक्याचे इशारे म्हणून वाचले जात नव्हते. वर्षभरात कंपनी गेटको या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्या सकाळच्या अभियंत्यांना दोष देणं सोपं आहे. पण खुणेपासून पॉवर पेगपर्यंत आणि पॉवर पेगपासून हलवलेल्या मोजणीपर्यंत जाणारी वाट कुठेही लिहिलेली नसताना, बाजार चालू असताना, ती कोणाला सुचली असती?

दोन ॲप्लिकेशन्स एकमेकांना संदेश पाठवत असतील तर अपग्रेडचा क्रम हाच सुरक्षेचा गाभा असतो. नवा संदेश वाचू शकणारा आधी तयार हवा, पाठवणारा मागून. काही वेळा उलटं. हे आधी ठरवता येतं आणि संदेशांची रूपं तपासणारी साधनं ते सक्तीने पाळायलाही लावतात. जुन्या खुणेला नवा अर्थ देऊ नये, हा नियम प्रोटोकॉल बफर्स हे संदेशांचं रूप ठरवणारं साधन वापरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवला जातो. तंत्र उपलब्ध आहे. कमी पडतो तो क्रम ठरवण्याचा अधिकार कोणाकडे तरी असणं.

या सगळ्यावर व्यवहारातलं एक उत्तर नेहमी दिलं जातं. चालतंय ना? मग हात कशाला लावायचा! हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पगार, रेल्वे आरक्षण, रुग्णालयांची बिलं अशा प्रणाली रोज चालाव्या लागतात आणि प्रत्येक बदलात जोखीम असते. पण ‘हात न लावणं’ हा पर्याय दिसतो तितका स्थिर नसतो. ॲप्लिकेशन जागेवर राहतं, त्याच्या खालची जमीन सरकत असते. नोड १७ ऑक्टोबर २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३ घेऊन आलं. त्यात एमडी-फोर ही जुनी हॅशिंगची पद्धत मुळात बंद होती आणि वेबसाइटचा कोड एकत्र बांधणारं वेबपॅक ४ नेमकी तीच वापरत होतं. स्वतःच्या कोडची एक ओळही न बदललेल्या हजारो प्रकल्पांचे बिल्ड ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’ म्हणत बंद पडले. बहुतेकांनी जुनी पद्धत चालू ठेवणारा एक पर्याय आज्ञेला जोडला आणि पुढे गेले. तात्पुरता म्हणून लावलेला तो पर्याय अनेक प्रकल्पांत तसाच आहे.

‘मग सदैव नवीनतम आवृत्तीवर राहा’ असा दुसऱ्या टोकाचा सल्लाही तितकाच अपुरा आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. त्याने माग काढला आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत पेरलेलं चोरदार सापडलं. ते होतं ५.६.० आणि ५.६.१ या सर्वांत ताज्या आवृत्त्यांत. डेबियन या लिनक्स वितरणाची स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले, ताज्या चाचणी-आवृत्त्या घेणारे सापडले.

त्यातली वाट पाहण्यासारखी आहे. दूरस्थ लॉगिनचा एसएसएच सर्व्हर एक्सझेड वापरतच नाही. पण डेबियन आणि फेडोराने त्याला ‘मी सुरू झालो’ हा निरोप लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला देता यावा म्हणून एक छोटा पॅच लावला होता. त्या निरोपासाठी सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिच्यामागून एक्सझेडची. एवढ्याशा निरोपासाठी जगातल्या सर्वांत नाजूक दरवाजापर्यंत एक गल्ली उघडली गेली होती. ओपनएसएसएचने पुढे ९.८ आवृत्तीत तो निरोप स्वतःच द्यायची सोय केली, सिस्टमडीच्या लायब्ररीशिवाय. वाटांचं व्यवस्थापन म्हणजे नुसती नोंद नव्हे. गरज नसलेल्या वाटा बुजवणं हाही त्याचाच भाग आहे आणि अपग्रेडच्या बैठकीत तो विषय फार क्वचित निघतो.

भारतात या विषयाला आता नियमांचं पाठबळ मिळू लागलं आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत आपल्या कक्षेतल्या संस्थांना महत्त्वाच्या प्रणालींसाठी एसबीओएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी, ठेवायला सांगितलं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याबद्दल तांत्रिक मार्गदर्शक सूचना काढल्या. पाऊल स्वागतार्ह आहे. धोका इतकाच, की ऑडिटपुरती यादी बनवून ती फायलीत बंद केली जाईल. यादीतून एका ॲप्लिकेशनच्या पोटात काय आहे ते कळतं. चाळीस ॲप्लिकेशन्समध्ये एकाच्या बदलाने कोण हलेल, कोणी आधी जायचं, जुनी शाखा कधी बंद होणार, या प्रश्नांची उत्तरं त्या यादीत नसतात. ती माणसांनी बसून काढावी लागतात आणि दर रिलीजला ताजी ठेवावी लागतात.

ते काम आज कोण करतं? आपल्याकडे ‘सपोर्ट प्रोजेक्टला टाकलं’ हे वाक्य अजून शिक्षेसारखं उच्चारलं जातं. नवं ॲप्लिकेशन बांधणाऱ्यांचे सत्कार होतात, जुन्या चाळीसांना धक्का न लागू देता पुढच्या आवृत्तीवर नेणाऱ्यांना वार्षिक मूल्यमापनात सांगायला गोष्ट नसते, कारण काही घडलंच नाही. हे उलटं आहे. वाटा ओळखणारा अनुभवी अभियंता हा संस्थेचा सर्वांत मोलाचा माणूस असतो, आणि तो नोकरी सोडून गेला की नकाशाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून प्रत्येक सामायिक लायब्ररीला, प्रत्येक सामायिक टेबलाला आणि संदेशाच्या प्रत्येक रूपाला एक नावानिशी मालक हवा. जुन्या शाखेवर बंद होण्याची तारीख हवी आणि या सगळ्यासाठी बजेटमध्ये स्वतंत्र ओळ हवी.

याची परीक्षा घेणारी एक तारीख आधीच ठरलेली आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरणार आहे. डेबियनने हे अपग्रेड गांभीर्याने घेतलं. वेळ साठवण्याची जागा बदलली की ती वापरणारी प्रत्येक लायब्ररी आणि त्या लायब्ररीवरचं प्रत्येक पॅकेज एका क्रमाने पुन्हा बांधावं लागतं. हे काम त्यांनी २०२४ मध्ये हाती घेतलं, बदललेल्या लायब्ररींच्या नावापुढे खूण लावली, म्हणजे जुनं नि नवं चुकून मिसळणार नाही, आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ते पोहोचवलं. फक्त जुन्या ३२ बिटी पीसींची शाखा मुद्दाम वगळली, कारण ती उरली आहे तीच जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी आणि बदलाने तेच मोडले असते. आपल्या संस्थेत वेळ ३२ बिटांत साठवणारं टेबल, फाइल किंवा यंत्र कोणतं आहे आणि त्यावर कोण कोण अवलंबून आहे, हे विचारायला आयटी विभागात काम करणाऱ्या प्रत्येक वाचकाने याच तिमाहीत सुरुवात करावी.